काय घातलंयस गं यात? (आमटीतली हरवलेली चव आणि तुमच्या घरची गुपितं)

चिंचगूळ
मंडळी, एक जुनं कोडं आहे. सोडवायला मदत करा.

माझी आत्या वाईला असायची. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं तिच्याकडे. ती तुरीच्या डाळीची आमटी करायची, चिंच-गुळाची, गोडा मसाला घातलेली. घरोघरी होते तशीच. पण भात संपला की आम्ही वाटीला तोंड लावून प्यायचो. गेली बावीस वर्षं मी ती आमटी करायला बघतेय. मसाला आत्याच्याच प्रमाणाने घरी करते. धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, शहाजिरं, तमालपत्र, लवंग, दालचिनी, एकेक जिन्नस वेगळा तेलावर परतून. आमटी चांगली होते, घरचे नावं ठेवत नाहीत. पण ती होत नाही.

आत्याला विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, नेहमीचंच." आता ती नाही, त्यामुळे विचारायची सोय उरली नाही.

एवढंच आठवतं की ओट्यावर मिसळणाच्या डब्याशेजारी स्टीलची एक झाकणाची वाटी असायची. तीत तपकिरी, दाणेदार असं काहीतरी. आमटीला उकळी आली की त्यातलं चमचाभर आत जायचं. रोज नाही, बरेचदा वाटी रिकामीच असायची. आणि आम्हा पोरांना त्या वाटीला हात लावायची सक्त मनाई.

काय असेल? आणि विषय निघालाच आहे तर तुमच्याकडची अशी गुपितंही येऊ द्या. "प्रेमाने करा" असं लिहिणाऱ्यांना आधीच नमस्कार. प्रेम घालून झालंय.

लातूरचा_पाहुणा
तपकिरी, दाणेदार, चमच्याने आमटीत. ताई, हे येसर. दुसरं काही असूच शकत नाही. आमच्याकडं लग्नाच्या आधी घरोघरी होतं. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, धणे आणि काळ्या मसाल्याचे जिन्नस घालून दळायचं. आमटी दाट पण होते आणि चव पण येते. चार घरची माणसं आली तरी पाणी वाढवून येसर टाकलं की भागतं.

चिंचगूळ
येसराची आमटी मी खाल्लीये, सुरेख लागते. पण आत्याची आमटी पातळ असायची, अगदी पळीवाढी. पीठ नव्हतं त्यात. आणि वाईत येसर मी तरी कुणाकडे पाहिलं नाही.

दर्यावर्दी
सुको जवळो. भाजून कुटलेलो. पैज लावा.

चिंचगूळ
दर्यावर्दी, आत्या चातुर्मासात कांद्याला शिवत नसे! :)

दर्यावर्दी
म्हणून तर वाटीला झाकण होतं ना.

बरं, मस्करी सोडा. आमच्या वेंगुर्ल्याकडचं गुपित म्हणजे तिरफळ. गुपित तरी कसलं, सगळ्यांना माहीत आहे, पण घाटावर गेलं की लोक चुकीचं वापरतात म्हणून सविस्तर लिहितो. सुकं तिरफळ फोडलं की आत काळी कुळकुळीत बी असते, ती टाकून द्यायची. वापरायची ती फक्त वरची साल. ती वाटणात घालून मिक्सरला लावू नका, कडू होतं आणि मग सगळं कालवण गेलं. पाचसहा तिरफळं हलकी ठेचून थोड्या पाण्यात भिजत ठेवायची आणि कालवण उतरायच्या जरा आधी पाण्यासकट ओतायची. मासा बांगडा, तारली, पेडवे असाच हवा, म्हणजे तेलाचा. पापलेटात तिरफळ घालणाऱ्याला आमच्याकडे जावई करून घेत नाहीत. आणि जेवताना तिरफळ बाजूला काढायचं. चावलं तर जिभेला मुंग्या येतात आणि पुढची पाच मिनिटं पाणीसुद्धा वेगळंच लागतं.

प्रयोगवही
त्या मुंग्यांना कारण आहे. तिरफळ आणि चीनची सिचुआन मिरी एकाच झान्थोझायलम वंशातली. दोन्हींत जीभ बधिर करणारी सारखीच द्रव्यं असतात. मिरी म्हणतात खरं, पण आपल्या काळ्या मिरीशी दोघांचं काही नातं नाही. लिंबाच्या घराण्यातली आहेत ती.

पणजीचो_उंडो
गोव्यात आम्ही त्याला तेफळां म्हणतो आणि ती फक्त माशाची नव्हेत हां. शाकाहारी लोकांनी मक्याच्या कणसांचं तोंडाक करून बघा. खोबऱ्याचं वाटण, सुकी मिरची, कणसाचे तुकडे, वर तेफळ. दर्यावर्दींच्या पापलेटाच्या नियमाला मात्र पूर्ण पाठिंबा.

आमचं दुसरं गुपित उडदामेथी. चमचाभर उडीद डाळ आणि मेथीचे आठ-दहा दाणे तेलात परतून खोबऱ्याबरोबर वाटायचे. मेथी तांबूस झाली की थांबायचं, काळी झाली की फेकून परत करायची. मेथीत कंजुषी करायची आणि उडदात नाही. श्रावणात तेच वाटण अंबाड्यांना लावतात.

कोल्हापुरी_वहाण
गुपित बिपित काय नाही. कांदा-लसूण चटणी घाला. आमच्यात तिला मसाला म्हणत न्हाईत, चटणीच म्हणतात. आमटी, उसळ, मटण, पोहे, सगळ्याला एकच डबा. पण आमटीत गूळ घालणाऱ्या लोकांना आम्ही काय सांगणार.

पेठेतला_पेन्शनर
गूळ म्हणजे औषध नव्हे, चिंचेला जोडीदार लागतो म्हणून असतो. लिंबाएवढ्या चिंचेला सुपारीएवढा गूळ. एवढ्याने आमटी गोड होत नाही, आंबटपणाचे कोपरे तेवढे घासले जातात. ज्यांच्या आमटीत गूळ जाणवतो त्यांनी जास्त घातलेला असतो. त्याचं खापर गुळावर नको.

कोल्हापुरी_वहाण
काका, तुमच्याकडं भेळेत पण साखर असते ओ.

आजीबाई६८
भांडू नका रे. मीठ, आंबट, गोड आणि तिखट, या चारांत कुठलंच एकटं ओळखू आलं नाही की समजायचं आमटी जमली.

मला हिंगाबद्दल लिहायचंय. माझ्या सुना पिवळ्या डबीतला हिंग चमच्याने टाकतात आणि म्हणतात वास येत नाही. कसा येणार? त्यात पीठच जास्त. आमच्याकडे खडा हिंग असायचा. हरभऱ्याएवढा तुकडा तेलात आधी फुलवायचा, मग बाहेर काढून कुटायचा. तेल गरम हवं, धुराचं नको. मोहरी पूर्ण तडतडली की मग हिंग, मग हळद, आणि लगेच वरण किंवा भाजी. हिंग पडल्यावर फोनवर बोलत बसलात तर जळतो.

प्रयोगवही
आजींचं बरोबर आहे. डबीतला असतो तो बांधानी हिंग. फेरुला नावाच्या झाडाच्या मुळातून निघणाऱ्या राळेत डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळून तो करतात. खरी राळ इतकी उग्र असते की तशीच वापरणं कठीण. तिच्या वासामागे गंधकाची संयुगं आहेत. कांदा-लसणाचा वासही गंधकाच्याच संयुगांचा, म्हणून कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत हिंगावर भागतं. हा वास तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून फोडणी. आमटी झाल्यावर वरून हिंग भुरभुरणं हा त्याचा अपमान.

गव्हाचं पथ्य असलेल्यांनी डबीवरचे घटक नक्की वाचा. हिंगातल्या मैद्याकडे भल्याभल्यांचं लक्ष जात नाही.

आणि गंमत म्हणजे आपण जगात सर्वांत जास्त हिंग खाणाऱ्यांपैकी, पण आपल्याकडे तो पिकत नव्हता. कच्चा माल अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात पहिली रोपं लागली ती ऑक्टोबर २०२० मध्ये, पालमपूरच्या हिमालयन जैवसंपदा संस्थेने लावलेली. झाडाला राळ यायलाच पाचेक वर्षं लागतात.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडे रश्श्याला जवस टाकतात भाऊ. भाजून, बारीक करून, खसखशीबरोबर. तर्री सुटते ना, त्याच्या खाली जो जाडपणा असतो तो त्याचा. हॉटेलात काजूची पेस्ट ओततात अन् लोक त्यालाच सावजी म्हणतात.

लंडनची_पेठ
मी एक पाप कबूल करते. इथे आल्यापासून मिसळीच्या कटात आणि मसूरच्या आमटीत अर्धा चमचा मार्माइट घालते. काळं, चिकट, खारट, ब्रेडला लावून खाण्याची इंग्रजी गोष्ट. ब्रेडला लावून मला अजून आवडत नाही. पण आमटीत कुणालाच कळत नाही, फक्त दोन वेळा वाढून घेतात. मीठ मात्र त्या मानाने कमी करायचं.

मिरजेचा_सतारिया
म्हणजे अजिनोमोटोच की मागच्या दाराने!

प्रयोगवही
मागच्या दाराने काय, पुढच्या दाराने या. माझा आवडता विषय आहे, त्यामुळे लांबण लागेल.

टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातले प्राध्यापक किकुनाए इकेदा यांना प्रश्न पडला होता की कोंबू या समुद्री शेवाळाच्या साध्या सूपला जी चव असते ती खारट, आंबट, गोड, कडू यांपैकी कुठली? १९०८ साली त्यांनी त्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. पुढच्याच वर्षी ते 'अजिनोमोटो' नावाने बाजारात आलं. १९१३ साली त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनिटो माशात दुसरं द्रव्य सापडलं, इनोसिनेट. आणि नंतर अकिरा कुनिनाकांनी दाखवलं की अशी दोन द्रव्यं एकत्र आली की चवीची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

आता आपल्या घरात बघा. टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर, पिकलेल्यात जास्त. सुक्या मासळीत इनोसिनेट. कोळणीने सुक्या बोंबलाच्या कालवणात टोमॅटो घातला तो काही जपानी शोध वाचून नव्हे. मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क, त्यात ग्लुटामेट ठासून भरलेलं.

अजिनोमोटोची बदनामी सुरू झाली १९६८ साली, अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रापासून. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं वगैरे. नंतर काय खातोय हे लोकांना न सांगता चाचण्या झाल्या, त्यांत असा परिणाम सातत्याने काही दिसला नाही. मिठात वजनाने सुमारे ३९ टक्के सोडियम असतं, अजिनोमोटोत सुमारे १२ टक्के. बाकी ज्याचं त्याने ठरवावं.

आजीबाई६८
सगळं वाचलं. तरी मला नको. विष आहे म्हणून नव्हे, पण ते घातलं की दुधी काय आणि दोडका काय, सगळ्यांची तोंडं एकसारखी होतात.

मिरजेचा_सतारिया
आजी, हे वाक्य फ्रेम करून लावतोय.

वसईची_वाडवळ
आमच्या शेजारी ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे मराठी ख्रिस्ती) कुटुंब आहे. त्यांचा बॉटल मसाला उन्हाळ्यात कुटतात आणि काळपट बाटल्यांमध्ये ठासून भरतात. बाटली यासाठी की उजेड लागत नाही आणि पावसाळ्यात दमट होत नाही. आमचा मसाला पारदर्शक बरणीत खिडकीपाशी असायचा आणि दिवाळीपर्यंत रंग उडायचा. त्या काकूंनी मला चार शब्द सुनावले, तेव्हापासून माझा मसाला वर्षभर टिकतो. याला गुपित म्हणायचं का माहीत नाही.

चिंचगूळ
म्हणायचं. यावरून आठवलं, मध्ये एकदा आळस करून एका नावाजलेल्या दुकानातून गोडा मसाला आणला होता. खवट. खोबरं आणि तीळ जुने झाले की असंच होतं. बरणी भरून मसाला करणाऱ्यांनी तीळ-खोबरं वेगळं ठेवून लागेल तसं घालावं, असं माझं मत झालंय.

बाय द वे, दगडफुलाबद्दल कुणी लिहिलं नाही. ते फूल नसतं, बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार असतो, झाडाच्या सालीवर आणि खडकांवर वाढतो. कोरडं हुंगलं तर मातीसारखा वास. तेलावर परतलं की जो वास सुटतो त्याला माझ्याकडे शब्द नाही, 'लग्नघर' एवढंच म्हणता येईल. मूठभर दगडफूल म्हणजे वजनाला काहीच नसतं, म्हणून वजनी प्रमाण लिहिणाऱ्यांच्या पाककृतीत ते हमखास चुकतं. आणि आधी निवडून घ्या, सालीचे तुकडे आणि कचकच असते.

शेंगदाणाकूट
गोडात मीठ! पुरणात, शिऱ्यात, तांदळाच्या खिरीत चिमूटभर. खारट लागत नाही, पण नसलं की सपक लागतं. माझ्या सासूबाई जायफळ आणि मीठ एकाच वेळी घालायच्या, म्हणजे कुणी विचारलं तर "जायफळ घातलंय" म्हणता येतं.

लंडनची_पेठ
:D :D
मार्माइटवर एवढी चर्चा झाली म्हणून त्याची जन्मकथा सांगते. बर्टन नावाच्या गावात १९०२ साली कारखाना निघाला, कारण त्या गावात बिअरच्या भट्ट्या होत्या आणि बिअर झाल्यावर तळाला उरलेल्या यीस्टचं काय करायचं हा प्रश्न होता.

आजीबाई६८
म्हणजे तुमच्याकडेही उरलेलंच!

बघा, मी परवापासून हाच विचार करतेय. आमच्या वेळी चवीसाठी म्हणून मुद्दाम आणलेलं असं काही नसायचंच घरात. एका पदार्थातून उरलेलं दुसऱ्यात जायचं. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी म्हणजे कट, त्याची आमटी. आता कुकरमध्ये बेताच्या पाण्यात डाळ शिजते, कट निघतच नाही. मग मुली पुरणाचा गोळा पाण्यात कालवून 'कटाची आमटी' करतात. ती पुरणाची आमटी झाली. डाळ मोठ्या पातेल्यात, भरपूर पाण्यात, झाकण तिरकं ठेवून शिजवा. मऊ झाली पण फुटली नाही तेव्हा उपसा. तो कट बघा, नुसता मीठ घालून प्यावासा वाटतो.

लोणच्याची बरणी संपत आली की तळाचा खार. तो थालीपिठाच्या भाजणीत, भरल्या वांग्याच्या मसाल्यात. आंबट ताकावरची निवळ अळूच्या फदफद्यात. भाताची पेज पालेभाजीत. कोथिंबीर निवडली की काड्या वाटणात, पानांपेक्षा काड्यांना वास जास्त. मटाराच्या साली उकळून ते पाणी उसळीला. सगळं फुकटचं. आणि ते कुणी कृतीत लिहायचं नाही, कारण लिहिण्यासारखं काही आहे असं वाटायचंच नाही.

दर्यावर्दी
आजी, नारळाचं दूध काढल्यावर चोथा राहतो तोसुद्धा. तो परतून सुक्या भाजीत. आई टाकू द्यायची नाही. आणि बांगड्याचं कालवण दुसऱ्या दिवशी आटवून घट्ट करायचं आणि भाकरीबरोबर खायचं. पहिल्या दिवशीचं लोकांसाठी, दुसऱ्या दिवशीचं घरच्यांसाठी.

शेंगदाणाकूट
भरल्या वांग्यात कैरीच्या लोणच्याचा खार मी आजच घातला. मीठ आणि तिखट दोन्ही कमी करून. वांगी संपली, फोटो काढायला उरली नाहीत.

वाचनमात्र
नमस्कार. चार वर्षं नुसती वाचते इथे, पहिल्यांदाच लिहितेय.

चिंचगूळ, आजीबाईंचं उरलेल्या जिनसांचं वाचून मला तुमच्या वाटीचा संशय आला. तीन गोष्टी. वाटी कधी भरलेली, कधी रिकामी, म्हणजे ती वस्तू मुद्दाम केलेली नाही, दुसरं काही केलं की मिळणारी आहे. तपकिरी आणि दाणेदार. आणि मुलांना हात लावायची मनाई. मसाल्याला कुठलं पोर हात लावतं? लपवावं लागतं ते मुलांना आवडणारं.

तुमच्या आत्याकडे तूप घरी कढवायचे का?

आजीबाई६८
अगं बाई. बेरी!

मिरजेचा_सतारिया
बेरी साखर घालून खायची असते ना? आमच्याकडे तिच्यावरून डोकी फुटायची.

वाचनमात्र
तेच म्हणतेय. :)

चिंचगूळ
माझ्या अंगावर काटा आला. आत्याकडे म्हैस होती. थांबा, आतेबहिणीला फोन करते.

कोल्हापुरी_वहाण
करा करा. तवर मी चहा टाकतो.

चिंचगूळ
बोलले. पाऊण तास.

ती आधी हसतच सुटली. म्हणाली, "आईची बेरी? अगं तुम्ही यायचात म्हणून लपवायची. तुमच्यातला एकजण साखरेचा डबा घेऊनच फिरायचा." आत्या दर आठ-दहा दिवसांनी लोणी कढवायची. मामांना तूप जरा तांबूसच लागायचं, म्हणून ती बेरी बदामीच्याही पुढे, अगदी खरपूस होईपर्यंत थांबायची. तूप गाळून झालं की बेरी वाटीत. त्यातली आमटीत, थोडी दशम्यांच्या कणकेत, थोडी फोडणीच्या भातात. मी विचारलं, हे आत्याने कधी सांगितलं कसं नाही? तर म्हणे, "त्यात काय सांगायचं? टाकून का द्यायची?"

म्हणजे "नेहमीचंच" हे ती खरंच सांगत होती. आणि मी वीसेक वर्षं तूप बरणीतलं विकत आणतेय.

प्रयोगवही
वाचनमात्र यांना माझ्याकडून एक शेर साजूक तूप.

आता बेरी एवढं काम का करते ते बघा. लोण्यात थोडं पाणी, थोडी दुधातली प्रथिनं आणि दुधातली साखर असते. कढवताना आधी पाणी उडतं, तोपर्यंत कडकड आवाज चालू असतो. पाणी संपलं की आवाज बसतो, तापमान चढतं आणि तळाशी प्रथिनं आणि साखर एकमेकांत शिजून तपकिरी होऊ लागतात. फ्रेंच रसायनज्ञ लुई कामी मायार यांनी १९१२ साली या प्रक्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून तिला त्यांचं नाव आहे. भाकरीचा पापुद्रा, भाजलेलं खोबरं, परतलेला कांदा, सगळ्यांतला खमंगपणा मुख्यतः हाच. म्हणजे बेरी हे घट्ट केलेलं खमंगपण. शिवाय लोणी विरजणाच्या सायीचं असेल तर किंचित आंबूसपणाही. चिंच-गुळाच्या आमटीत ते सगळं मिसळून गेलं असणार.

चिंचगूळ
अपडेट. उशीर झाला, कारण साय जमवायला नऊ दिवस लागले.

म्हशीचं दूध लावलं. साय रोज विरजणाच्या भांड्यात. काल घुसळलं, गार पाणी घालून लोणी काढलं, दोनदा धुतलं (जास्त धुवू नका असं आजीबाईंनी व्यक्तिगत निरोपातून बजावलं होतं, नाहीतर बेरी कमी पडते). जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर कढवलं. आवाज बसल्यावर माझा हात गॅसच्या बटणावर होता. एरवी मी तिथेच बंद केलं असतं. यावेळी थांबले. बेरी बदामी, मग वीटकरी. तूप खाली उतरवलं तरी पातेल्याच्या उष्णतेने ती आणखी चढते, म्हणून लगेच गाळलं. दोन मोठे चमचे बेरी मिळाली.

एकच आमटी केली, दोन पातेल्यांत वाटली. एकीत उकळी आल्यावर सपाट चमचा बेरी. कुणाला काही सांगितलं नाही. नवरा म्हणाला, "दोन्ही सारख्याच आहेत." मुलीने बेरीच्या पातेल्यातली परत मागितली, मग भाताशिवाय मागितली.

मला विचाराल तर जवळ आली. अगदी तीच का? वास तोच. जिभेवर किंचित काहीतरी राहून गेलं.

आजीबाई६८
आमटी कशात केलीस?

चिंचगूळ
स्टीलच्या पातेल्यात. का?

आजीबाई६८
आत्या फोडणी कशात करायची ते बहिणीला विचार. लोखंडी पळी विस्तवावर लाल करून आमटीत चर्र करत बुडवायची पद्धत होती आमच्याकडे.

चिंचगूळ
उद्या पुन्हा फोन.

लंडनची_पेठ
इथल्या बटरची बेरी चालेल का? मी खारट बटर कढवून पाहिलं, बेरी तोंडात धरवेना.

प्रयोगवही
बटरमधलं सगळं मीठ बेरीतच उरतं, तुपात जात नाही. बिनमिठाचं घ्या. तुमच्याकडे विरजण लावलेल्या सायीचं बटर मिळतं, ते मिळालं तर उत्तमच.

वऱ्हाडी_ठेचा
बेरी किती दिवस राहते?

आजीबाई६८
बाहेर दोन-तीन दिवस, उन्हाळ्यात तेवढीही नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर. वास घेऊन बघायचं, खवट आली की टाकायची. घरात मुलं असतील तर हा प्रश्न येत नाही.

दर्यावर्दी
पैज हरलो, कबूल. जवळो मीच खातंय.

लातूरचा_पाहुणा
ते सगळं ठीक आहे. पण येसर पाठवू का नको? पुढल्या महिन्यात पुण्याला यायलोय.

चिंचगूळ
पाठवा की! आणि येताना बरणी काळपट काचेची आणा, वसईच्या काकूंचा नियम आहे.